दरोग्याचे दोन महिने

राजापेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गवळ्याचं घर अजून तग धरून आहे. दोन्ही बाजूंना ट्यूशन क्लासेस, समोर मोबाइलचं दुकान आणि मधे याचा चार गाईंचा गोठा. परवा सकाळी मी स्कूटीवरून ऑफिसला निघाले, तर त्याच्या दारात भिजवलेल्या सरकीची बादली ठेवलेली. सरकी म्हणजे कापसातलं बी. पाण्यात फुगली की तिला एक वास सुटतो, थोडा आंबूस, थोडा तेलकट, थोडा ओल्या पोत्याचा. तो नाकात गेला आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. मागे क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या गाड्या तुंबल्या. "ओ काकू, गाडी काढा ना, पेपर आहे आमचा," असं एक मुलगी वैतागून ओरडली तेव्हा कुठे मी भानावर आले आणि सॉरी म्हणत गाडी बाजूला घेतली.

कापूस फुटायला लागला, तुरीवर पिवळी फुलं आली आणि सकाळी निघताना शाल घ्यावीशी वाटली, की वऱ्हाडातला सगळ्यात देखणा हंगाम सुरू होतो. बाहेरच्या लोकांनी आमचा फक्त उन्हाळा ऐकलेला असतो, त्यामुळे त्यांना हे पटत नाही. पहिल्या वेचणीच्या दिवशी बायका वावरात सीतादही करतात. कपाशीच्या झाडांना हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. काळ्या जमिनीवर तो पांढरा कापूस, बायकांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या, बांधावर सोडून ठेवलेल्या भाकरी. या दिवसांत कोणाला काय आठवतं, कोणाला काय. मला एक सांड आठवतो. त्याचं नाव दरोगा.

मी जनावरांची डॉक्टर आहे. आता अमरावतीला ऑफिसात बसून कागदांवर सह्या करते, पण तेव्हा माझी नेमणूक बाळापूरच्या पलीकडे एका गावच्या दवाखान्यात होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मानी आहेत, त्यांना विचारल्याशिवाय छापलेलं चालणार नाही. खारपाणपट्ट्यातलं गाव, चहासुद्धा जिभेला जरा खारट लागायचा. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, समोर जनावर उभं करायचा लोखंडी खोडा, आणि गणेशभाऊ. गणेशभाऊ आमचे परिचर. निवृत्तीला टेकलेले, आणि मी रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, "मॅडम, हे बायकाचं काम नाई, पन तुमी करसान," असं सांगून मोकळे झालेले.

दरोगा गावाचा सांड होता. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, वशिंड एका बाजूला किंचित झुकलेलं. दादाराव आणि सुलोचनाकाकू या जोडप्याच्या अंगणात तो वाढला. दादारावांच्या घराण्यात गावासाठी सांड पाळायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची होती. कोणाचीही गाय माजावर आली की त्यांच्या अंगणात आणायची. पैसा घ्यायचा नाही. "सांडाचं मोल घ्याचं नसते," दादाराव म्हणायचे, आणि ते असं म्हणायचे की पुढे कोणी विषय काढू नये. गाय आणणाऱ्याने फक्त सांडासाठी एक टोपलं खाणं आणायचं, एवढाच रिवाज. सकाळी दरोगा मोकळा सुटायचा आणि गावभर गस्त घालून यायचा. प्रत्येक दारासमोर जरा थांबायचा, कोणी कपाळावर हात फिरवला की पुढे निघायचा. या गस्तीवरूनच त्याचं नाव पडलं होतं. दादाराव मागे दहा पावलांवर, हात पाठीमागे बांधून. त्या दोघांपैकी जास्त ऐटीत कोण चालतं, हे मला कधी ठरवता आलं नाही.

त्या हिवाळ्यात गावात एकच रड होती. गाई उलटत होत्या. म्हणजे गाय भरवली, की वीस-एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर यायची. पुन्हा भरवा, पुन्हा तेच. लोक मला बोलवायचे, मी कोपरापर्यंत हातमोजा चढवून गाय तपासायची आणि सांगायची, "गाय चांगली आहे." लोकांना ते आवडायचं नाही. गाय चांगली असेल तर मग रागवायचं कोणावर? दोन-तीन घरांनी आपल्या गाई भाकड ठरवून बाजाराचा रस्ता दाखवलासुद्धा. त्यातली एक, तांबड्या रंगाची, तिच्या शिंगांना मालकिणीने कुंकू लावलं होतं आणि ती टेम्पोत चढायला तयार नव्हती. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मला राग आला होता, पण कोणाचा ते नीट कळत नव्हतं.

सांडाचं नाव कोणी काढत नव्हतं. कसं काढणार? नुसतं त्याच्याकडे पाहिलं तरी पुरे होतं. अंगावर तूप चोपडल्यासारखी चकाकी, मानेचा रुबाब, गाय दिसली की जमीन उकरणं. आमच्याकडे ज्याचा रुबाब आहे त्याच्यात खोट असेल असा विचारच करायची सवय नाही. मीही केला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. पाच वर्षं कॉलेजात शिकले, त्यात वळूची प्रजननक्षमता कशी तपासायची यावर अख्खं प्रकरण होतं, मला त्यात चांगले मार्क होते, आणि तरी मी दोन महिने हातमोजा चढवून गाईच तपासत हिंडले.

नाव काढलं ते सुलोचनाकाकूंनी. त्यांचीच गाय चौथ्यांदा उलटली होती आणि मी तिला तपासून हात धूत होते. काकू बुटक्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बोलणं असं की पुण्याचा माणूस घाबरून उठून जावा. त्या म्हणाल्या, "बाई, एक इचारू? साऱ्या गावच्या गाई एकदमच कशा काय बिघडल्या वं?"

"तेच मला कळत नाही, काकू."

"मंग दरोग्याचं काहून पाहून नाई राहिली तू? गाईच्याच मांगं काहून लागली?"

ओसरीवर दादाराव दाढी करत होते. त्यांचा हात तिथेच थांबला. अर्धा गाल साबणाचा, अर्धा कोरा. "काय बोलून राहिली तू?" एवढंच ते म्हणाले. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

दादाराव चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं. दरोगा हेच त्यांचं घराणं पुढे नेणारं, असं गाव थट्टेत म्हणायचं आणि त्यांना ते थट्टा वाटायचं नाही. पण काकूंनी काढलेला शब्द चावडीवर पोचला होता. बंडूभाऊ म्हणून एक होते, गावात सगळ्यात जास्त गाई त्यांच्या. त्यांनी सरळ सांगितलं, "दादाजी, सांड जर बाद असंन त ठेवाचा कायले? खच्ची करा, गाडीले लावा." खच्ची करणं म्हणजे माझ्याकडच्या मोठ्या चिमट्याने नस दाबून टाकणं. पाच मिनिटांचं काम. नंतर सांडाचा बैल होतो.

दादाराव उभे राहिले. मी तिथे होते, म्हणून सांगते. माणूस साधा सदरा-पायजम्यातला, पण उभा राहिला की बसलेल्यांना आपण बसल्याची लाज वाटावी. ते म्हणाले, "होऊन जाऊ द्या तपासनी. सगळ्या गावाफुडं. माहा दरोगा खराब निंघाला, त मॅडमनं चिमटा आनावा, मी सोता त्याले धरून देतो. आन माह्या घरचा सांड हा शेवटचा." त्यांना खात्री होती. अशी पैज माणूस फक्त जिंकणार हे ठाऊक असतानाच लावतो.

तपासणीची ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. दादारावांच्या अंगणातल्या खोड्यात एक शांत गाय उभी केलेली, भोवती निम्मं गाव. काम असं असतं: सांड गाईवर चढतो तेव्हा गरम पाणी भरलेल्या रबरी नळीत त्याचं वीर्य अलगद धरायचं. हे एका बाईने, भर सकाळी, इतक्या पुरुषांसमोर करायचं. मी खाली वाकले तेव्हा सगळे पुरुष एकाएकी आभाळात काहीतरी शोधायला लागले. एकाने तर पाऊस येईल का, अशी चौकशी केली. बायका मात्र पदर तोंडाला लावून एकटक बघत होत्या. आधी मी वृषणांचा घेर मोजला, आईकडून आणलेल्या शिवणकामाच्या टेपने. माझी आई ब्लाउज शिवते. ती टेप मी तिला परत केली नाही, हे सांगायला नको. घेर उत्तम होता. दरोग्याचा उत्साहही उत्तम होता. दादारावांनी मिशीवरून बोट फिरवलं.

मग मायक्रोस्कोप. आरशाचा, जुना. अंगणातल्या उन्हाकडे आरसा वळवायचा आणि खाली पाहायचं. थंडीची एक भीती असते, गार काचेवर थेंब टाकला तर त्यातले जीव गारठून निपचित पडतात आणि चांगला सांडही वाईट ठरतो. म्हणून मी काच दोन तळहातांत धरून ऊब दिली, थर्मासमधलं कोमट पाणी खाली ठेवलं, आणि थेंब टाकला.

काहीच हलत नव्हतं. जे होते ते मधेच मुडपलेले, शेपट्या वळलेल्या, एखाददुसरा जागच्या जागी थरथरणारा. मी दुसरी काच गरम केली, तिसरी केली. तेच. मी म्हणाले, चार दिवसांनी पुन्हा घेऊ, आज थंडी फार आहे. लोक कुजबुजत गेले. चार दिवसांनी बारा वाजताच्या उन्हात पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

दादाराव म्हणाले, "मले दाखवा." मी बाजूला झाले. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मी त्यांना चांगलं कसं दिसतं आणि हे कसं दिसतंय ते समजावलं. मनात असतं तर ते म्हणू शकले असते की बाईला यंत्र वापरता येत नाही. निम्म्या गावाने त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. ते सरळ उभे राहिले, डोळा पुसला आणि म्हणाले, "आना चिमटा."

मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जो आदर वाटला, तो मी आजवर कोणा मोठ्या अधिकाऱ्याबद्दलही अनुभवलेला नाही. शब्द दिला होता, तो पाळायला निघाले होते. गणेशभाऊंनी पिशवीतून चिमटा काढलासुद्धा. दादाराव दरोग्याच्या डोक्याशी गेले आणि त्याची वेसण हातात घेतली. दरोग्याला वाटलं गस्तीची वेळ झाली. तो शेपटी उडवत उभा राहिला.

आणि नेमकी तेव्हाच फाटकातून एक बाई गाय घेऊन आली. तिला काय चाललंय याचा पत्ता नव्हता. डोक्यावर टोपलं. टोपल्यात भिजवलेली सरकी, काठोकाठ. तिने ते दरोग्यापुढे ठेवलं, त्याने तोंड घातलं, आणि तो वास माझ्यापर्यंत आला.

मी सुलोचनाकाकूंना विचारलं, "काकू, हा रोज सरकी खातो?"

"खाते ना. जितक्या गाई येते तितके टोपले."

"पहिल्यापासून?"

"नाई वं. पयले जवारी राहे. आता जवारी पेरते कोन? सोयाबीन आन कापूस. मंग लोकायनं सरकी आनाले सुरू केली. अंगावर कशी तुकतुकी आली पाहा!"

मी तिथेच खाली बसले. पुस्तकातलं ते पान मला उघडं दिसत होतं. कच्च्या सरकीत एक विष असतं. गाईला ते थोडंफार पचतं, पण सांडाने सतत भरपूर खाल्लं तर त्याच्या बीजाची घडणच बिघडते. बाहेरून काही कळत नाही. उलट अंग चकाकतं. गावाने हिशोब न ठेवता, प्रेमाने, रिवाजाने त्याला ते चारलं होतं. आणि खरी गंमत पुढे आहे. गाय उलटली की बाई पुन्हा येणार, पुन्हा टोपलं आणणार. गाई जितक्या जास्त उलटल्या, तितकी सरकी जास्त. सरकी जितकी जास्त, तितक्या गाई जास्त उलटल्या. ज्वारी पेरणं सोडलेल्या आणि तरी रिवाज न सोडलेल्या गावातच अशी चूक होऊ शकते. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"चिमटा आत ठेवा," मी गणेशभाऊंना म्हणाले. मग लोकांना सांगितलं: सरकी एकदम बंद करायची. गाई त्याच्याकडे आणायच्या नाहीत, माजावर आलेली गाय माझ्याकडे आणा, मी कृत्रिम रेतन करते. नवं बीज तयार व्हायला दोन महिने लागतात. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. "आन नाई सुधरला त?" बंडूभाऊंनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्या गाई रिकाम्या होत्या. मी म्हणाले, "तर चिमटा मी स्वतः लावीन, आणि या गावातून बदली मागून घेईन." हे शेवटचं म्हणायची काही गरज नव्हती. पण माझा स्वभाव असाच आहे, आई म्हणते तो बाबांवर गेलाय. मला पूर्ण खात्री नव्हती. सुधारतो, असं पुस्तकात होतं. किती बिघडलेला किती सुधारतो, ते पुस्तकात नव्हतं.

मग ते दोन महिने. गाव वेचणीत बुडालं होतं. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकत होते. हरभरा घाट्यावर येत होता. मी रोज सकाळी दवाखान्यात जाताना दादारावांच्या अंगणावरून वळसा घालून जायची. ते म्हणायचे, "या मॅडम, पेशंट पाहा." पेशंट कडबा खात असायचा.

या कडब्याचीही एक गोष्ट आहे. गावात ज्वारी नाही, तर कडबा कुठून आणणार? काकूंचं माहेर चिखलदऱ्याच्या पायथ्याला. तिकडे अजून ज्वारी पेरतात. काकूंनी भावाला फोन केला, माझ्यासमोरच. "लगनात तू मले गाय देनार होता, देल्ली नाई. आता कडबा पाठव." तिसऱ्या दिवशी टेम्पो आला, वर भाऊ बसलेला. कडब्याबरोबर दोन पोती ज्वारीही. तो टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा काकू दारात अशा उभ्या होत्या, की लग्नात त्यांचा रुखवत पाहायची संधी हुकलेल्यांनी तो आता पाहून घ्यावा.

सगळ्यात अवघड होती गस्त. दरोगा सवयीने दारोदार थांबणार आणि कोणीतरी माऊली पसाभर सरकी त्याच्या तोंडात घालणार. माणसांना सांगून समजतं, प्रेमाला समजत नाही. बांधून ठेवावं तर तो दिवसभर हंबरायचा. शेवटी दादारावांनी स्वतः सुतळीचं मुसकं विणलं, जसं मळणीच्या बैलांना बांधतात तसं, आणि ते तोंडाला बांधून त्याला रोज गस्तीला नेऊ लागले. मी म्हटलं, "दादाराव, दोन महिने नका ना नेऊ. लोक हसतात." खरंच हसत होते. मुसकं बांधलेला दरोगा, आणि मागे दादाराव. कोणी म्हणायचं, कैदी चालला. दादाराव म्हणाले, "हसू द्या. त्यानं काय चोरी केली? रोज जातो, तसाच जाईन. त्याची इज्जत गेली त मंग सुधरून काय फायदा?" हात पाठीमागे, दहा पावलांचं अंतर, तेच. एक दिवसही चुकला नाही.

संक्रांतीला मी घरी अमरावतीला आले. माझे बाबा शाळेत क्लार्क होते. मला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही आणि मी या बाजूला आले, तेव्हापासून कोणी विचारलं की ते, "मुलगी डॉक्टर आहे," एवढं सांगून घाईने हवापाण्याकडे वळायचे. त्या संक्रांतीला तीळगूळ खाता खाता मी त्यांना दरोग्याची सगळी हकीगत सांगितली. नळी, टेप, मायक्रोस्कोप, सरकी, काही गाळलं नाही. बाबांनी मधे दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "आणि हे तू स्वतः ओळखलंस?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचा रोज फोन. "जेवलीस का?" आधी नाही. आधी, "दरोगा कसा आहे?" पुढच्या वेळी आले तर गल्लीतल्या किराणावाल्याने मला विचारलं, "मॅडम, त्या सांडाची तपासणी कधी आहे?" बाबांनी सगळ्या राजापेठेला सांगून ठेवलं होतं. माझी इतकी वर्षं जी हौस राहून गेली होती, ती अशी फिटली.

दुसरी तपासणी झाली त्या दिवशी अंगणात पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं होती. या खेपेला कोणी आभाळाकडे बघितलं नाही. तीच गाय, तोच खोडा, तोच मायक्रोस्कोप. दरोगा जरा उतरला होता, अंगावरची चकाकी कमी झाली होती, आणि ते बघून मला धाकधूक वाटत होती. थेंब काचेवर टाकला. डोळा लावला.

पातेल्यात भात शिजताना पाणी कसं सगळीकडून वर येतं, तसं सगळं उसळत होतं. एकेकटा जीव वेगळा ओळखूसुद्धा येत नव्हता, इतकी दाटी, इतकी धाव. मी मान वर केली आणि खात्रीसाठी पुन्हा खाली वाकले. गणेशभाऊंना वाटलं वाईट झालं, त्यांनी टोपी काढली. मग मी हसले आणि अंगणात जो गलका झाला! बंडूभाऊ पहिले पुढे आले आणि त्यांनी दादारावांचे हात धरले. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता, आणि ते मी लपवलं नाही. कशाला लपवू? काही कामं अशी असतात की ती केल्यावर माणसाने उघड खूश व्हावं.

पुढच्या कार्तिकात त्या गावात वासरंच वासरं झाली. गणेशभाऊ तोवर निवृत्त झाले होते, पण प्रत्येक वासराची बातमी द्यायला दवाखान्यात येत. आजही या दिवसांत फोन येतो की गावात थोडी ज्वारी पेरली आहे, सांडापुरती. मी इथे ऑफिसात बसून तो फोन स्पीकरवर टाकते, म्हणजे बाजूच्या टेबलांनाही ऐकू जावं.

पण त्या हंगामाबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो वासरांचा नाही. माझ्या हुशारीचा तर नाहीच. तो त्याच सकाळी, गलका ओसरल्यावर अंगणात जे झालं त्याचा आहे.

दादाराव पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. बराच वेळ. लोकांना वाटलं, पाहून पाहून मन भरत नाही. मग ते उठले आणि सगळ्यांकडे वळले. म्हणाले, "गाईचा दोष नव्हता. आपुन त्याईले बाजार दाखोला, ते आपलं चुकलं." लोक माना डोलवत होते. ते थांबले नाहीत. काकू खांबाला टेकून उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आन माह्या घरातबी तेच झालं. हिले मी अकोल्याले नेलं, अमरावतीले नेलं, देवाले नेलं, बाबाले दाखोलं. अमरावतीच्या डाक्टरनं म्हनलं, आता तुमचं तपासू. मी उठून निंघून आलो. सांडाच्या घरचा मानूस, माहं काय तपासता, म्हनलं. हे मी हिले कवाच सांगतलं नाई. लोक हिलेच वांझ म्हनत राहिले, आन मी ऐकत राहिलो."

एवढा मानी माणूस, सगळ्या गावापुढे, कोणी विचारलेलं नसताना. दोन महिन्यांपूर्वी याच अंगणात त्याने दरोग्याची वेसण धरली होती, त्याहून हे कितीतरी कठीण होतं. त्यांचे हात आता पाठीमागे नव्हते, दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. सगळे काकूंकडे बघत होते. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा आत निघून जातील.

काकू खांबापासून पुढे आल्या. मला हाताने बाजूला सारलं, स्टुलावर बसल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. सावकाश, मन लावून पाहिलं. मग मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात मला म्हणाल्या,

"दरोगा दोन मयन्यात सुधरला, बाई. ह्या मानसाले चाळीस वर्सं लागले."